सहकर्जदार

पंचफुलाबाईंच्या घरात काही ठरवायचं असलं की त्यांच्या भावाला, धनीराम मामाला, निरोप जायचा. चिखल्याला खाणीच्या कॉलनीत राहत होते तेव्हापासूनची ही रीत. थोरल्या मुलाला, संघपालला, पुढे शिकवायचं की ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला लावायचं, ते मामांनी ठरवलं. पंचफुलाबाईंचे यजमान चिंधूबाबा खाणीतून रिटायर झाले, कंपनीचं क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा तुमसरला प्लॉट घ्या हेही मामाच म्हणाले. म्हणून त्या रविवारी सकाळी सासूबाई वांग्यात झिंगे टाकायला बसल्या, तेव्हाच संघपालच्या बायकोनं, भावनानं, ताडलं की आज मामा येणार. आणि मामा येणार म्हणजे आपल्याला न विचारता काहीतरी अर्धंअधिक ठरलेलंच असणार.

मामा आले, जेवले, हात पुसत दिवाणावर चिंधूबाबांच्या शेजारी बसले. बाबांचे कान खाणीतल्या सुरुंगांनी नेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून बहुतेक वेळा कोणी बोलतच नसे. धाकटा प्रविण खुर्चीवर पाय हलवत होता. त्याचं लग्न जमलं होतं. बैठक त्याच्यासाठीच होती.

"पोरीकडच्याइचं म्हननं काही वंगाळ नाही," मामांनी सुरुवात केली. "पोरगी शिकलेली हाय. लग्नानंतर दोघाले एक वेगळी खोली पायजे, एवढंच विचारून राहिले. मी सांगून देल्लं, मागची खोली रिकामीच हाय म्हनून."

भावना पाण्याचे पेले घेऊन आली होती. तिनं ते खाली ठेवले.

"मामा, मागच्या खोलीत माझी माय येणार आहे."

 मामांनी संघपालकडे पाहिलं. संघपालनं मोबाइलकडे.

भावनाची आई कौतिकाबाई लाखांदूरला एकटी राहायची. भावनाला भाऊ नव्हता, वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भादव्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर धरून दारापर्यंत यायची आणि शेजारची सून भाकर टाकून द्यायची. दवाखान्यातच संघपाल म्हणाला होता, "मायले आपल्याकडे आणू. मागची खोली हायच." भावनानं त्या खोलीला मागच्या महिन्यात स्वतः चुना लावला होता, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती. घरातल्या सगळ्यांनी ती दांडी पाहिली होती. कशाला बसवली, हे कोणीच विचारलं नव्हतं.

"लेकीच्या घरी माय कायमची राहत नसते, भावना," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले. "चार दिवस येवो, आठ दिवस येवो. आमी काय नाही म्हनून राहिलो?"

"चार दिवसांसाठी नाही आणत, मामा. तिला उठता येत नाही."

"मंग प्रविणनं लग्न करून कुठी राहावं? अंगनात?" पंचफुलाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "हा प्लॉट बाबाच्या रिटायरच्या पैशाचा हाय, बाई. दोन्ही पोराचा हक हाय त्याच्यात."

"प्लॉट बाबांच्या पैशाचा, आई. पण घर?"

यावर प्रविण बोलला. तो मनानं वाईट नव्हता. मोबाइलच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याला सगळं सरळ बोलायची सवय लागली होती.

"वहिनी, हप्ता तुमच्या पगारातून कटते, हे कोनी नाकारत नाही. पन घर दादाच्या नावानं हाय. मंग दादानंच सांगावं न, खोली कोनाले द्यायची."

त्यानं काही खोटं सांगितलं नव्हतं. भावनाला ते ठाऊकही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्याच घरात, आपणच भरलेला पेला हातात घेऊन कोणी ते बोलून दाखवणं वेगळं.

मामांच्या सल्ल्यानं प्लॉटची रजिस्ट्री एकट्या संघपालच्या नावानं झाली, त्या दिवशी तिला निवडणुकीचं ट्रेनिंग होतं. शाळामास्तरीण म्हटल्यावर ते चुकवता येत नव्हतं. "तुझं नाव मागून टाकता येते," असं मामा म्हणाले, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे घर बांधायला कर्ज काढायची वेळ आली, तेव्हा बँकेनं संघपालची खाजगी ट्रान्सपोर्टची पगारपावती बाजूला सारली आणि भावनाची जिल्हा परिषदेची मागितली. त्या दिवशी मात्र बँकेतल्या साहेबांनी स्वतः तिच्या हेडमास्तरांना फोन करून तिला सुट्टी मिळवून दिली. कर्जाच्या प्रत्येक पानावर तिनं सही केली. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही सहकर्जदार." तिला तो शब्द तेव्हा चांगला वाटला होता. सहचारिणीसारखा.

"संघपाल, बोल न बापा," मामा म्हणाले.

संघपाल उठला. "पाहू," म्हणाला, "मोटर बंद करून येतो, टाकी भरली असन," आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

भावनाही त्याच्या मागं गेली.

तो टाकीजवळ उभा होता. मोटर सुरू नव्हतीच.

"तुम्ही दवाखान्यात काय म्हणाले होते?"

"म्हनलो होतो. तवा प्रविणचं जमलं नव्हतं."

"आणि नाव मागून टाकू म्हणाले होते, ते?"

"नावाचं काय घेऊन बसली, भावना? कागद हाय तो. तू माझी, घर आपलं. मी काय तुले घराबाहेर काढून राहिलो?"

"नाव नुसता कागद, आणि कर्ज? तिथं माझी सही कायले लागली मग?"

संघपालनं टाकीवर बोटानं ठोकून पाहिलं. मागच्या वर्षी त्याच्या मालकाचा मॅंगनीज वाहतुकीचा ठेका गेला होता. ट्रक उभे राहिले, आणि कितीतरी महिने हा टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात बसून होता. तेव्हा हप्त्यासोबत घरखर्चही भावनानं एकटीनं भागवला, आणि कोणापुढे त्याचा उच्चारही केला नाही. ती गप्प राहिली हे त्याच्या मनात सलत होतं, हे तिला दिसत होतं. म्हणूनच ती आजही त्याबद्दल बोलली नाही.

"मले तुझं नाव टाकायले काही वाटत नाही," तो अखेर हळूच म्हणाला. "पन बाबानं जिंदगीभराचा पैसा देल्ला आन त्याचं नाव नाही. मायचं नाही. प्रविणचं नाही. तुझं टाकलं तं हे सारे म्हनतीन, बायकोच्या पगारावर जगते आन तिच्याच तालावर नाचते. कोनाकोनाले तोंड देऊ मी?"

हे खरं कारण होतं, आणि ते ऐकून भावनाचा अर्धा राग उतरला. उरलेला अर्धा तिनं जवळच ठेवला.

"मी हप्ता थांबवणार नाही," ती म्हणाली. "भांडून माहेरीही जाणार नाही. पण उद्या सुट्टी टाकून मायले घ्यायला चालली आहे. तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली, साकोलीला गाडी बदलली. धानाची मळणी आटोपली होती. बांधांमधली शेतं मोकळी पडली होती आणि रस्त्याच्या कडेला तणसाचे ढीग लागले होते. बसमध्ये तिनं मनातल्या मनात सगळी मांडणी केली. मायची खाट खिडकीपाशी ठेवायची. मैत्री, तिची मुलगी, शाळेतून लवकर येते, दुपारी ती आजीजवळ बसेल. सासूबाई चार दिवस तोंड फुगवतील, मग दोघी म्हाताऱ्या मिळून धनीराम मामाच्याच गोष्टी सांगतील.

कौतिकाबाई दारातच बसली होती. लेकीला पाहून तिचा चेहरा उजळला. पण भावना कपडे पेटीत भरू लागली तशी ती वॉकर धरून उठली आणि पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"थांब. तुझ्या सासूनं बलावलं काय मले?"

"मी बोलावून राहिली न, माय."

"तू तं बलावशीनच. मी विचारून राहिली, घर कोनाचं हाय?"

"आमचं."

"आमचं म्हंजे कोनाचं?"

भावना वर्गात पोरांना एक प्रश्न दहा तऱ्हांनी विचारायची. आज तिला एका तऱ्हेनंही उत्तर देता येईना. तिनं खरं ते सांगितलं. खोली कोणी मागितली, प्रविण काय बोलला, संघपाल टाकीजवळ काय म्हणाला, सगळं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग मी येत नाही," ती म्हणाली. "जावई सोन्यासारखा हाय, मी त्याले नावं ठेवत नाही. पन ज्या घरात माझ्या लेकीले 'हे माझं हाय' म्हनायले इतका येळ लागते, तिथी मी खाटेवर कोनाच्या भरवशावर पडू? अथी निदान पडली तं माझ्याच अंगनात पडीन."

भावनानं समजूत घातली, रागावली, रडली. कौतिकाबाईनं तिला चहा पाजला, पिशवीत घरची लाखोळीची डाळ बांधून दिली आणि दुपारच्या गाडीला लावून दिलं.

संध्याकाळी ती एकटीच घरी आली. ओसरीवर पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुनेच्या मागं नजर टाकली. मागं कोणी नव्हतं.

"काहून? मायले नाही आनलं?"

"नाही आली."

"आमच्या भेवानं?"

भावना पायरीवर बसली. इतकी दमली होती की लपवाछपवी करायचं त्राण उरलं नव्हतं. "तुमच्या नाही, आई. तिनं विचारलं, घर कोणाचं. मला सांगता आलं नाही."

पंचफुलाबाईंचा सुपातला हात थांबला.  सूप मांडीवर तसंच ठेवून त्या बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते भावनाला कळलं नाही. तिला वाटलं, सासूबाईंना मनातून सुटल्यासारखं वाटलं असेल. खोलीचा प्रश्न आपोआप मिटला. ती उठून आत गेली.

कळलं ते जेवणाच्या वेळी. सगळे पानावर होते. पंचफुलाबाईंनी भात वाढता वाढता, मीठ मागावं तितक्या सहज म्हटलं, "संघपाल, हिचं नाव टाक घरावर."

संघपालचा घास हातातच राहिला.

"आन माझं बी टाक."

प्रविणला ठसका लागला. चिंधूबाबांनी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि विचारलं, "काय म्हनून राहिली ते?"

"घरावर नाव टाक म्हनून राहिली! माझं!" पंचफुलाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"तुझं? तुझं कायले? प्लॉट माझ्या पैशाचा हाय न!"

"तुमच्या? तुमी जमिनीखाली होते तवा मी वरतं काय झोपली होती? उनातानात मॅंगनीज नाही निवडलं मी? हात काळे होऊन भाकरीले रंग लागे, आठोते काय?" आता त्यांचा आवाज फक्त बाबांसाठी मोठा राहिला नव्हता. "क्वार्टरले साल-दरसाल मी चुना लावला. शेवग्याचं झाड लावलं. लेकरं तिथीच झाले. आन तुमी रिटायर झाले त्या दिवशी कंपनीचा मानूस आला, मले म्हने, 'बाई, सामान कधी हालवता?' मले कोनी विचारलंसुदिक नाही का हे घर तुझं होतं का नाही म्हनून. या बाईची माय आज लाखांदूरले जे बोलली न, ते मी त्या दिवशी बोलाले पायजे होती. मले सुचलं नाही."

 भावनाला सासूबाईंकडे पाहायचा धीर होईना. इतकी वर्षं ती त्यांना मामांच्या बाजूची समजत होती.

"पन माय," प्रविण म्हणाला, "मंग माझं काय?"

"तुझं वरतं. माळा बांध. तुही बायको कमावती हाय, दोघं मिळून कर्ज काढा. आन सही तिची घेशीन तं नाव बी तिचं टाकजो, नाही तं मी तुह्या लग्नात जेवाची नाही."

सगळ्यांचे डोळे बाबांकडे वळले. चिंधूबाबांना किती ऐकू आलं आणि किती नाही, कोण जाणे. त्यांनी ताटातला भात बोटांनी एकत्र केला.

"टाका," ते म्हणाले. "दोघीचं बी टाका. माझी जिंदगी जमिनीखाली गेली. वरतं कोनाचं नाव हाय, त्याच्यानं मले काय फरक पडते? फक्त मामाले कोनी तरी सांगा. तो रागावते."

मामा खरंच रागावले. फोनवर म्हणाले, "मंग मले बलावलं कायले होतं?" पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या, "झिंगे खायले." आणि फोन ठेवला.

पण ठरवणं आणि होणं यात बँक होती. घर गहाण, त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय नाव चढवता येत नव्हतं. संघपाल स्वतः खेपा घालू लागला. एकदा साहेब रजेवर, एकदा वकिलाचा अभिप्राय यायचा होता, एकदा मागितलेली झेरॉक्सच निघत नव्हती. संघपाल चिडला नाही. चिखल्याहून येताना मालकाला सांगून तासभर आधी निघायचा आणि बँकेच्या बाकावर जाऊन बसायचा. एकदा भावना आंधळगावच्या शाळेतून परत येताना बसच्या खिडकीतून तिनं त्याला तिथं पाहिलं, मांडीवर फाइल घेऊन, नंबर येण्याची वाट बघणाऱ्या रोग्यासारखा. तिला गाडी थांबवून उतरावंसं वाटलं.

अखेर बँकेनं कळवलं. पत्नीचं नाव चालेल, त्या मुळात कर्जदारच आहेत. आईचं नाव चालणार नाही. त्या कर्जात नाहीत, आणि या वयात त्यांना कर्जात घेता येणार नाही. कर्ज फिटलं की मग खुशाल टाका.

संघपालनं हे आईला कसं सांगावं याची वाटेत दहा वेळा तयारी केली. पंचफुलाबाईंनी ऐकलं आणि नुसतंच "हं" केलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी भावनाचा डबा भरून देताना म्हणाल्या, "कर्ज फिटेपावतर मी जगतो का नाही, काय सांगावं. पन साक्षीदार लागते न तिथी? मी येतो."

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या नवं लुगडं नेसून आल्या. दुसरा साक्षीदार म्हणून प्रविण दुकान बंद ठेवून आला होता. आत कारकुनानं संघपालला विचारलं, "अर्धा हिस्सा पत्नीला बक्षीस देऊन राहिले, स्वखुशीनं?"

"बक्षीस नाही," संघपाल म्हणाला. "तिचाच हाय तो."

"ते ठीक आहे हो, पण कागदावर बक्षीसपत्रच लिहितात. स्वखुशीनं न?"

"हाव. स्वखुशीनं."

त्यानं हे म्हणताना भावनाकडे पाहिलं नाही. पण अंगठ्याचा ठसा देऊन झाल्यावर फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसला, तेव्हा त्याचे खांदे उतरले होते, डोक्यावरचा मोठा भारा खाली ठेवल्यावर उतरतात तसे. पंचफुलाबाईंनी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही एकेक अक्षर सांभाळत केली. कारकून म्हणाला, "आजी, अंगठा दिला असता तरी चाललं असतं." त्या म्हणाल्या, "मले नसतं चाललं."

पुढच्या रविवारी संघपाल गाडी करून लाखांदूरला गेला आणि सासूला घेऊन आला. या वेळी कौतिकाबाईनं काही विचारलं नाही. पेटी तिनं आधीच भरून ठेवली होती. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट पडली. पहिल्याच दुपारी दोघी म्हाताऱ्यांचं पंख्यावरून वाजलं. एकीला हवा लागत होती, दुसरीला लागत नव्हती. मैत्री दोघींच्या मधे बसून अभ्यास करत होती आणि दोघींनाही ओरडत होती.

प्रविणचं लग्न तोंडावर आलं. माळ्याचं कर्ज मंजूर व्हायचं होतं, बांधकाम उन्हाळ्याशिवाय सुरू होणार नव्हतं. मामा आले होते. जय भीम झाला, पाणी झालं, पण या खेपेला ते स्वतःहून काही बोलत नव्हते. पोरीकडच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न खोलीत सगळ्यांच्या मधे बसून होता आणि कोणी त्याला हात लावत नव्हतं. प्रविण तर भावनाच्या नजरेला नजरही देत नव्हता.

"पोरीकडच्यांना सांगा," भावना म्हणाली, "त्यांना वेगळी खोली मिळेल. आमची. माळा होईपर्यंत आम्ही तिघं हॉलमध्ये झोपतो."

"वहिनी, नाही!" प्रविण उभाच राहिला. "मी तसं म्हनलोच नाही."

"तुम्ही नाही म्हणाले. मी म्हणून राहिली."

त्याच दुपारी तिनं कपाट रिकामं केलं. संघपालनं गाद्या हॉलमध्ये आणून टाकल्या आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याला हसू आलं.

"घरावर नाव लागलं," तो म्हणाला, "आन तुझी खोलीच गेली."

भावनानं उशीला अभ्रा चढवला, झटकला.

"गेली नाही," ती म्हणाली. "मी दिली."